व्हरांड्यातून काय दिसतं

११ जानेवारी

ताई,

नमस्कार. खुशाली शेवटी विचारीन, आधी भांडण.

काल जेवताना तुमचा भाऊ सहज बोलल्यासारखा बोलला, "ताईने मे महिन्यासाठी खोल्या सांगून ठेवल्यात. त्याच, जेटीवरच्या." मी ताट बाजूला सारलं. मला कोणी विचारलं? आईंना कोणी विचारलं? लगेच फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि ठेवून देता. पत्र असं ठेवून देता येत नाही. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहायला बसलेय. आत्ताच एका आजोबांचे डोळे तपासले, त्यांना चुकीचा नंबर दिला नाही हेच नशीब, इतकी मी तापलेय.

पाच वर्षं आपण त्या बेटावर जातोय आणि पाच वर्षांत घराचे दोन तट पडलेत, ओले आणि कोरडे. हे शब्दही तुमचेच. ओले म्हणजे तुम्ही आणि तुमचा भाऊ, पाठीला टाक्या बांधून समुद्राखाली जाणारे. कोरडे म्हणजे आई, चिंगी आणि मी. ओल्यांना पुढची खोली, कारण पहाटे बोट पकडायची. कोरड्यांना मागची, आणि तिच्या खाली टाक्यांत हवा भरायचा कंप्रेसर. तो सुरू झाला की कपाटाची दारं आपोआप उघडतात. चिंगीला गोष्ट सांगायची तर ओरडून सांगावी लागते, मग राक्षस काय आणि राजकन्या काय, सगळे एकाच आवाजात बोलतात. बाहेर वाळू म्हणाल तर चिमूटभर नाही, नुसते काळे खडक. पोरगी बेटावर जाते आणि पाय भिजवायला बादली मागते.

आणि न्हाणीघरात तुमचे पाण्याखाली घालायचे सूट टांगलेले, दिवसभर ठिबकत. त्याच पाण्यावरून गेल्या वर्षी आई घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. तेव्हा तुम्ही दोघं पाण्याखाली होता. बर्फ वाहायच्या हातगाडीवर बसवून मी त्यांना दवाखान्यात नेलं. मी ढकलतेय आणि चिंगी छत्री धरून शेजारून पळतेय. तुम्ही परत आलात, प्लॅस्टर बघितलंत आणि म्हणालात, "घरीही पडलीच असती." ताई, ते वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून एक घाव दोन तुकडे करते. ह्या वर्षी घर मी बघणार, पाण्यात न उतरणाऱ्या माणसांनाही राहता येईल असं. ते चालणार नसेल तर आई, चिंगी आणि मी येणार नाही. ओल्यांनी खुशाल जावं.

तुमची तब्येत कशी आहे? मागे आलात तेव्हा दिवाणखान्यात बसून खोकत होतात, तो खोकला गेला का?

तुमची भावजय


१९ जानेवारी

वहिनी,

पर्यवेक्षिका असल्यामुळे मला रोज पालकांच्या तक्रारी वाचाव्या लागतात. तुझं पत्र त्या गठ्ठ्यात शोभलं असतं.

आईला मी पाडलं असं तुला म्हणायचं असेल तर सरळ म्हण, हातगाडी आणि छत्री मध्ये आणू नकोस. तू ह्या घरात यायच्या कितीतरी आधीपासून ती माझी आई आहे.

राहिलं घराचं. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत आहे तुझी. तुला पाण्याची भीती वाटते. पहिल्या वर्षी मी तुला नुसतं गुडघाभर पाण्यात उभं केलं, तर माझ्या दंडावर तुझी नखं उमटली होती. बरं, भीती वाटते तर वाटू दे, पण तिच्यापायी घराला नावं ठेवू नकोस. बेटावर जाऊन समुद्रात न उतरणं म्हणजे पंगतीत बसून उपास धरणं. मग वाढणाऱ्यावर कशाला चिडायचं?

जेटीवरचंच घर का, ते एकदा नीट ऐक. बोट पहाटे सुटते, उशीर झाला तर थांबत नाही. सामान जड असतं. वर आल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा चार पावलांवर बिछाना लागतो. सूट धुवायला गोडं पाणी लागतं. आणि धाकट्याला मी हाताला धरून शिकवलंय, आम्ही एकमेकांचे जोडीदार आहोत. पाण्याखाली कोणी एकटं जात नाही. उतरण्याआधी जोडीदार आपले पट्टे तपासतो, आपण त्याचे. खाली एकाची हवा संपली तर दुसरा आपल्या टाकीतली देतो. काही झालं तरी जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. असं नातं तुला तुझ्या काचांच्या दुकानात बसून कळायचं नाही.

त्या जेटीवर मला सगळे ओळखतात. बोटवाला "बाई आल्या" म्हणत हात पुढे करतो. मी दुसऱ्या कुठल्याही घरात उतरणार नाही. ह्या वर्षी तर मुळीच नाही.

खोकल्याची चौकशी केलीस, आभारी आहे. मास्तरणीचा घसा, खोकायचाच.

ताई


२८ जानेवारी

ताई,

अंगण खरोखरच वाकडं होतं. आईंचा हात त्यातच मोडला. तेव्हा ती म्हण तुमच्या गठ्ठ्यात परत ठेवा.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. पंगतीत बसून उपास, ह्यावर त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तिला सांग, मी पंगतीत बसलेच नव्हते. मला मागच्या दारी बसवलं होतं." हे त्यांचे शब्द आहेत, माझी मीठमिरची नाही.

घर मिळालंय. दुकानात चष्मा बदलायला आलेल्या एका बाईंच्या बहिणीचं आहे. बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तळमजला, एकही पायरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडा. समोर वाळू आणि इतकं उथळ पाणी, की चिंगी दूरवर चालत गेली तरी कमरेच्या वर भिजायची नाही. झाडांची सावली आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. सूट वाळत घालायला मागे अंगणात दोऱ्या, आणि गोड्या पाण्याचा नळ तिथेच. म्हणजे ठिबकायचं ते बाहेर ठिबकेल. समुद्राकडे तोंड करून लांबलचक व्हरांडा आहे.

आता तुम्ही म्हणाल, बोटीचं काय. तुमच्याच बोटवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, तुम्ही उतरता त्या खडकांच्या रांगेकडे जाताना त्याची बोट ह्याच किनाऱ्यावरून जाते. टाक्या तो जेटीवरूनच भरून आणेल आणि तुम्हा दोघांना वाळूवरून उचलेल. तुम्हाला पाऊण तास जास्त झोप मिळेल. पाच वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. ओल्यांना गरज नव्हती आणि कोरड्यांना विचारायचा हक्क नव्हता.

तुमचा भाऊ दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे. माझ्यासमोर "छान आहे घर" म्हणतो आणि आतल्या खोलीत जाऊन तुम्हाला फोनवर काय सांगतो ते मला ऐकू येतं. भिंती पातळ आहेत आमच्या.

बोला, काय अडचण उरली?

भावजय


९ फेब्रुवारी

वहिनी,

करा काय करायचं ते. पाच वर्षं मी सगळं ठरवलं, कोणाचा पाय मोडला नाही, हात मोडला तर त्याचा एवढा तमाशा. जेटीवरच्या खोल्या नको म्हणून कळवलंय. झालं समाधान?

आता घर तू घेतलंच आहेस तर काही गोष्टी कळव. त्या व्हरांड्यातून खडकांची रांग दिसते का? बोट तिथे उभी असताना दिसते, की मध्ये काही आडवं येतं? दुपारी ऊन व्हरांड्यात कुठवर येतं? खुर्च्या पाठ टेकून बराच वेळ बसता येईल अशा आहेत, की नुसती स्टुलं?

लवकर कळव. उगाच वाद वाढवू नकोस.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

रांग दिसते. बोट दिसते. मध्ये काही आडवं येत नाही. घरमालकिणीला मी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं.

आणि म्हणूनच तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाच वर्षं मी ओल्यांचे प्रश्न ऐकतेय. जेटी किती लांब, बोट कितीला, सूट कुठे वाळवायचे, टाक्या कुठे ठेवायच्या. व्हरांड्यातून काय दिसतं, हे ओलं माणूस कधी विचारत नाही. त्याला काय करायचंय? तो तर बोटीत असतो. हा प्रश्न मागे राहणाऱ्याचा आहे. खुर्चीला पाठ आहे का, हेसुद्धा मागे राहणारा विचारतो, कारण बसून बसून पाठ त्यालाच मोडून घ्यायची असते.

ताई, डॉक्टर काय म्हणाले?

मला मास्तरणीचा घसा सांगू नका. हिवाळा लागल्यापासून खोकताय. दोन महिन्यांत एकदाही सरावाला तलावावर गेला नाहीत, हे तुमच्या भावाकडून काढून घेतलं मी. तो म्हणतो, "ताईला परीक्षांची कामं असतील." इतका भोळा आहे तो. तुम्ही म्हणालात पूर्व की तो पश्चिमेकडे बघायचासुद्धा नाही.

आता मला खरं सांगा. जेटीवरच्या घरासाठी एवढ्या हट्टाला पेटला होतात, ते कशासाठी? तिथून चार पावलांवर बोट, बोटवाला हात पुढे करणार, आणि काही न सांगता तुम्ही पाण्यात उतरणार होता ना? काही तरी झालंय हे ठाऊक असूनही? आणि तुमचे पट्टे कोण तपासणार होतं? माझा नवरा! खाली तुम्हाला काही झालं असतं तर तो तुम्हाला सोडून वर आला असता का? तुम्हीच शिकवलंय ना त्याला, नजरेआड करायचं नाही म्हणून? मग तुमच्या हट्टापायी चिंगीचा बाप गेला असता, आणि मी मागच्या खोलीत कंप्रेसरचा आवाज ऐकत बसले असते.

मला राग येतोय हे लिहिणंसुद्धा कमी पडतंय. उत्तर द्या.

भावजय


४ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. एवढ्यासाठी उशीर.

तू लोकांचे डोळे तपासावेस, त्यांच्या पोटात शिरावंस असं कोणी सांगितलं होतं? शाळेतली मुलं मला बघून जिना बदलतात, आणि तू चार ओळींवरून मला पकडतेस. एवढा राग मला डॉक्टरचाही आला नव्हता.

फुप्फुसात हवेचा फुगा आहे. खोकल्यासाठी फोटो काढला, त्यात निघाला. जमिनीवर त्याचा काही त्रास नाही, वर्षानुवर्षं राहील. पण पाण्याखालून वर येताना आतली हवा फुगते आणि तो फुटू शकतो. डॉक्टर पोरगेलासा आहे. पेन फिरवत म्हणाला, "आता पाण्याखाली जायचं नाही, मॅडम." किती दिवस, म्हणून विचारलं. तर म्हणाला, "कधीच नाही." मी त्याच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

होय, उतरणार होते. एकदाच. मनात म्हटलं, शेवटचं एकदा बघून येऊ, कोणाला काय कळतंय. धाकट्याचा विचार मी केला नाही. तू लिहिलंस तेव्हा केला. त्याबद्दल काय वाटतं ते लिहिण्याइतकी माझी लेखणी अजून नमलेली नाही.

तुला वाटतं मी पाण्याच्या वर राणी म्हणून मिरवते. वर मी कोण आहे गं? एकटीचं बिऱ्हाड, दोन भांडी, शाळेतल्या घंटा. खाली गेलं की कोणी मला बाई म्हणत नाही, कोणाला ओरडावं लागत नाही. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो. वर्षातले तेवढे दिवस मी कोणाची पर्यवेक्षिका नसते. ते त्या पोराने पेन फिरवत काढून घेतलं.

आता मी बेटावर येत नाही. तुम्ही जा. कोरड्यांच्या रांगेत, तुझ्यासारखं टॉवेलांच्या घड्या घालत बसायला मला जमणार नाही. आणि धाकट्याला ह्यातलं अक्षर सांगायचं नाही. ही माझी आज्ञा समज.

ताई


११ मार्च

ताई,

तुमची आज्ञा मी एक संध्याकाळही पाळली नाही. पत्र आलं त्याच दिवशी त्याला वाचायला दिलं.

त्याने ते उभ्याउभ्या वाचलं. मग माळ्यावरून तुमची सामानाची बॅग काढली, जी तुम्ही आमच्याकडे ठेवता, आणि ती अंगणात नेऊन आपटली. "माझे पट्टे तपासायची ती! माझे! आणि मला सांगितलं नाही?" असं ओरडला की शेजारची खिडकी उघडली. आईंनी त्याला आत बोलावलं तर आईंवरही ओरडला. लग्न झाल्यापासून मी त्याला इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. मग बॅगेजवळ बसून रडला. तुमचा पाण्याखाली लावायचा मुखवटा पुसून परत आत ठेवला. हे सगळं तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितेय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

म्हणतो, मीही आता उतरणार नाही. मी म्हटलं, नाटकं पुरे. एकीने घरात रुसून बसायचं आणि दुसऱ्याने किनाऱ्यावर, मग घर कशाला घेतलंय? तो जाणार. त्या बोटीवर जोडीदार मिळतात.

आणि तुम्ही येणार. टॉवेलांच्या घड्या म्हणालात ना? तुम्हाला वाटतं आम्ही पाच वर्षं तेच करत होतो? ऐका, कोरड्यांचं काम काय असतं ते. बोट निघाली की ती रांगेपाशी थांबेपर्यंत बघत राहायचं. मग कामं करायची, पण कान तिकडेच. वारा वाढला की आईंशी मुद्दाम भलतंच बोलायचं, म्हणजे त्यांना कळू नये. आणि बोट परतताना दिसली की डोकी मोजायची. गेली तितकी आली की नाही. ती पुरी भरली की मगच चहाचं आधण ठेवायचं. आईंना आणि चिंगीला सोडून जेटीवर जाता आलं नाही की मागच्या खोलीतून मला ते मोजता यायचं नाही, समोर भिंत आणि खाली कंप्रेसर. तुमची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत मला काही कळायचं नाही. मला त्या घराचा राग होता तो ह्याचा. वाळू, सावली, ते सगळं नंतरचं.

हे तुम्हाला आधी का सांगितलं नाही? कारण तुम्ही म्हणाला असता, भित्री आहेस.

व्हरांड्यात पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. न येऊन बघा, आईंना घेऊन तुमच्या दारात येऊन बसेन.

भावजय


३ जून

वहिनी,

बेटावरून येऊन इतके दिवस झाले, तुझ्याशी फोनवर चार वेळा बोलले, पण बोलायचं ते बोलता आलं नाही. तोंडासमोर तू असलीस की मला भांडायचंच सुचतं.

पहिले दोन दिवस मी तुझ्याशी धड वागले नाही, हे मान्य. चिंगीच्या वाळूच्या किल्ल्यालासुद्धा मी नावं ठेवली. बोटवाला किनाऱ्यावर आला आणि सवयीने माझ्यापुढे हात केला, तेव्हा मी आत निघून गेले. तू मागून आली नाहीस, त्याबद्दल आभार. आली असतीस तर मी काही तरी फेकून मारलं असतं.

पण तिसऱ्या दिवशीचं लिहायचंय. बोटीला उशीर झाला तो दिवस. मला सगळं ठाऊक होतं. प्रवाह उलटा असला की वेळ लागतो, ह्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवलंय. तरी मी उठले, बसले, उठले. तू आईंना तुझ्या मावसबहिणीच्या घटस्फोटाची गोष्ट सांगत होतीस, इतकी रंगवून, की मला वाटलं ह्या बाईला काळजी नाही. मग तुझ्या हातांकडे लक्ष गेलं. तू एकच टॉवेल घडी घालून मोडत होतीस, पुन्हा घालत होतीस.

बोट दिसली. मी मोजली. सात गेले होते, सहा डोकी. पुन्हा मोजली, सहाच. मी कपड्यांनिशी पाण्यात शिरले, मांड्या बुडेपर्यंत, आणि धाकट्याच्या नावाने अशा हाका मारत सुटले की घसा बसला. तो बोटीच्या तळाशी वाकून पायातलं काढत होता. उभा राहिला आणि हसत म्हणाला, "ताई, तू घाबरतेस? तुला तर माहितीये सगळं." वहिनी, सगळ्या बोटीसमोर मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढा घोडा झालाय तो. त्याचं ते हसणं मी ओळखलं. गेल्या वर्षी आईचं प्लॅस्टर बघून मी जे बोलले, ते ह्याच आवाजात बोलले होते.

परत आले तेव्हा तू मला नुसता टॉवेल दिलास आणि आधण ठेवलंस. एरवी तू असं सोडत नाहीस, तेव्हा मला तुझा राग आला. अजून आहे. पाच वर्षं तू हे एकटीने केलंस आणि मला दोन शब्दांत कधी झापलं नाहीस, ह्याचा राग. मी भित्री म्हणाले असते हे खरं आहे. तरी झापायचं होतंस.

आईची माफी मी समोर मागितली. ती म्हणाली, "घरीही पडलेच असते." म्हातारी विसरत नाही काही.

आता एक विचारते. ह्या वेळी ठरवत नाही, विचारतेय. पुढच्या वर्षी चिंगीला दहा पूर्ण होतील. तिला पाण्याखाली मी नेईन असा शब्द दिला होता, तो आता मला पाळता येणार नाही. धाकटा नेईल. त्याला शिकवलंय मीच, तो तिला नजरेआड करणार नाही. पोरीच्या मनात फार आहे, पण तुला विचारायची तिची हिंमत नाही. तू नाही म्हणालीस तर नाही. मी पुन्हा विषय काढणार नाही.

ताई


९ जून

ताई,

तुमचं पत्र वाचून मी दुकान अर्ध्या दिवसासाठी बंद केलं. गिऱ्हाइकावर ओरडले असते.

पोरीलासुद्धा ओली केलीत तर! माझ्याकडे काय ठेवणार आहात तुम्ही दोघं? दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. चिंगी दारात येऊन उभी राहायची आणि परत जायची. तिचा चेहरा अगदी तुमच्यासारखा होतो, हट्ट करायचा नाही असं ठरवलेला.

न्या तिला.

घर तेच सांगून ठेवलंय. चिंगी पाण्यात उतरेल त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही पुढच्या खुर्चीत बसायचं. बोट परतताना डोकी मोजायचं काम तुमचं. मी डोळे मिटून बसणार आहे. सगळी मोजून झाली की मला सांगा, मग उघडीन.

तुमची भावजय